सव्वादोन वर्षांची घोडी विकायची आहे, पण पडेल भावात आणि भलत्या हातात नको

अबलख
घोडीचं वय सव्वादोन वर्षं. पाठीवर अजून काहीच चढवलेलं नाही. मोहरकी लावून शांत चालते. पुढचे पाय उचलू देते, मागचे ओढून घेते. गाडीत कधी चढलेली नाही. धनुर्वाताची लस झालेली आहे, जंतनाशकाच्या नोंदी आहेत, मायक्रोचिप बसवलेली नाही.

पैशाची ओढाताण आहे. तिचा खर्च आणखी चार महिने कसाबसा निघेल, पुढे नाही. घरात सगळ्यांचा तिच्यावर जीव आहे, पण विकायचं ठरलेलं आहे. तेव्हा 'विकू नका' सोडून बोला. आहे तशी विकावी, की पाठीला लावून, म्हणजे सवारी शिकवून, मग विकली तर भाव बरा येईल? विकण्याऐवजी लीजवर देता येईल का? ती पुढे भलत्याच माणसाकडे जाऊ नये म्हणून करारात काय घालायचं? आणि मधल्या काळात खुराकाचा खर्च कुठे कमी करता येईल?

टाप
चार महिने हाताशी असताना विचारताय हे उत्तम. बहुतेक लोक शेवटचं पोतं उघडल्यावर जाहिरात देतात, आणि मग जो पहिला येतो तो म्हणेल त्या भावाला घोडं जातं. पहिले सहा आठवडे तयारीला ठेवा, पुढचे दोन महिने विक्रीला, आणि शेवटचे दोन-तीन आठवडे मोकळे राखा. तपासणीत काही निघालं किंवा विसार देऊन कोणी मागे फिरलं तर तेच आठवडे कामी येतात.

पाठीला लावून विकू नका. या वयात गुडघ्याच्या वर असलेली हाडाची वाढीची चकती जेमतेम मिटत आलेली असते, आणि मणक्यांची तर पाच-सहा वर्षांपर्यंत उघडी असते. हलका माणूस पाच मिनिटं बसला म्हणून लगेच काही मोडत नाही. पण सहा आठवड्यांत 'सवारीला तयार' करायचं म्हटलं की पायऱ्या गाळल्या जातात, आणि ते घोडं नव्या मालकाकडे पहिल्याच आठवड्यात उधळतं. जाणकार गिऱ्हाईकाला कोरं घोडं चालतं. अर्धवट शिकवलेलं नको असतं, कारण आधीचं चुकीचं पुसण्यात वेळ जातो.

भाव वाढतो तो जमिनीवरच्या कामाने. तुमच्या घोडीत दोनच मोठ्या उणिवा दिसतात: मागचे पाय आणि गाडी.

मागचे पाय ती खोडीमुळे ओढते असं समजू नका. कोवळ्या घोड्याला तीन पायांवर तोल धरता येत नाही, आणि आपण पाय उंच उचलून बाहेरच्या बाजूला खेचतो. दुसऱ्या माणसाने दोर हातात धरावा, बांधू नये. तुम्ही पुठ्ठ्याजवळ अंगाला खेटून उभे राहा. पुठ्ठ्यापासून खाली नळीपर्यंत हात फिरवा. पाय जमिनीपासून वीतभरच उचला, पोटाखाली सरळ रेषेत, आणि ती ओढण्याआधी स्वतः खाली ठेवा. सुरुवातीला एक सेकंद पुरे. तिने ओढल्यावर सोडलात तर ओढलं की सुटतं हेच ती शिकेल, म्हणून वेळ तिच्या सहनशक्तीच्या आतच ठेवायची. अर्ध्या मिनिटापर्यंत पोचलात की खुरावर हातोडीच्या मागच्या बाजूने हलके ठोके द्या. नालबंदाला त्रास न देणारं घोडं, ही एवढी एक ओळ जाहिरातीत खरी असली तरी गिऱ्हाईक थांबतं.

गाडीसाठी आधी जमिनीवर जाड फळी टाकून तिच्यावरून चालवा. नंतर उभी गाडी, पार्टिशन सरकवून रुंद केलेली, आत वैरण. आत दोन पावलं, मग सावकाश मागे. शांत थोराड घोडा आधी आत उभा असेल तर अर्धं काम झालं. एक नियम मात्र मोडायचा नाही: घोड्याच्या पुठ्ठ्यामागचा आडवा दांडा लागल्याशिवाय दोर आत बांधायचा नाही, आणि उतरवताना दोर सोडल्याशिवाय दांडा काढायचा नाही. बांधलेलं घोडं मागे रेटलं आणि अडकलं की घाबरून मुंडी वर झोकतं. डोक्याच्या आणि मानेच्या गंभीर दुखापती अशाच होतात, आणि असं घोडं पुन्हा गाडीकडे बघत नाही.

रोज दहा-पंधरा मिनिटं, त्याहून जास्त नको. लांब दोरावर गोल फिरवायचं असेल तर आठवड्यातून दोनदा, निदान वीस मीटर व्यासाच्या वर्तुळात, दोन्ही बाजूंना थोडं थोडं. लहान वर्तुळात दुडकी म्हणजे कोवळ्या सांध्यांवर आडवा ताण.

वैरणकाडी
फक्त खुराकाबद्दल लिहितो.

आधी वजन काढा. छातीचा घेर, म्हणजे पुढच्या पायांच्या लगेच मागे आणि वर आयाळ संपते त्या उंचवट्याच्या मागून, सेंटिमीटरमध्ये. मग खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडाच्या टोकापर्यंत लांबी. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०. उत्तर किलोत येतं. घेर १६५ आणि लांबी १४५ असेल तर ३३२ किलो. वाढत्या वयात अंदाज थोडा इकडेतिकडे होईल, पण डोळ्यांपेक्षा बरा. दर दोन आठवड्यांनी मोजून लिहून ठेवा, गिऱ्हाईकालाही दाखवता येतं.

वाढत्या घोडीला रोज वजनाच्या दोन ते अडीच टक्के सुका आहार लागतो. ३३२ किलोला वाळलेली वैरण धरली तर साडेसात-आठ किलोच्या घरात. यात कपात करू नका. घोड्याच्या जठरात आम्ल चोवीस तास झिरपत असतं, खाल्लं तरी आणि न खाल्लं तरी. सहा-सात तास पोट रिकामं राहिलं की जठराला व्रण होण्याचा धोका वाढतो, मग घोडी खाताना अर्ध्यात थांबते, कांती जाते, खोगिराचा पोटपट्टा आवळताना चावायला धावते. गिऱ्हाईक म्हणतं स्वभाव वाईट.

बचत होते ती वाया जाणाऱ्या वैरणीत. जमिनीवर टाकलेला बराच चारा तुडवला जातो. खोल टब किंवा गव्हाण वापरा. जाळी टांगणार असाल तर ती रिकामी झाल्यावर किती खाली लोंबते ते बघा, पाय अडकेल इतकी खाली येता कामा नये. टॉनिकं, 'चमक आणणाऱ्या' पुड्या, तेलं, हे सगळं बंद केलं तरी चालेल. साधं मीठ चालू ठेवा.

एक घोळ हमखास होतो. दाणा महाग म्हणून लोक गव्हाचा कोंडा वाढवतात. कोंड्यात कॅल्शियमच्या साधारण आठपट फॉस्फरस असतो. घोड्याच्या एकूण आहारात उलटं हवं, कॅल्शियम फॉस्फरसच्या दीड ते दोन पट. कोंडा जास्त झाला की शरीर हाडांतून कॅल्शियम ओढतं. आधी आज या पायाने, उद्या त्या पायाने लंगडणं, आणि पुढे चेहऱ्याची हाडं फुगणं. वाढत्या वयात हे जास्त महागात पडतं.

आणि विकायच्या आधी भरभर अंगावर आणण्यासाठी दाणा चढवू नका. या वजनाला एका वेळी एक-सव्वा किलोच्या वर दाणा गेला की स्टार्च लहान आतड्यात पचत नाही, पुढे जाऊन आंबतो. पोटशूळ होतो, खुरांचा दाह होतो. हेनेक यांची १९८३ची १ ते ९ गुणांची अंगलोट मोजायची पद्धत आहे. त्यात ५ पुरे: फासळ्या दिसत नाहीत, पण हात फिरवला की सहज लागतात. जाड कोवळं घोडं सांध्यांना वाईट, आणि जाणकाराला ते पटकन कळतं.

अबलख
कोंडा रोज दोन किलो चालू आहे. उद्यापासून बंद करू?

वैरणकाडी
एकदम नको. आहारातला कोणताही बदल सात ते दहा दिवसांत, रोज थोडा कमी. आतड्यातल्या जंतूंना जुळवून घ्यायला तेवढे दिवस लागतात. दोन किलो कोंड्याच्या जोडीला दोन किलो वाळलेली लसूणघास दिलीत तरी त्या दोघांचं मिळून गुणोत्तर कसंबसं एकास एक होतं, यावरून अंदाज घ्या. कमी करत अर्ध्या किलोच्या आत आणा, नाहीतर पूर्ण काढा. मधल्या काळात चुनखडीची पूड (पशुखाद्यातलं कॅल्शियम कार्बोनेट, पानाला लावायचा चुना नव्हे) किती द्यायची ते डॉक्टरांना विचारा. लंगडण्याची शंका असेल तर हे सांगूनच विचारा.

जंतनाशकही डोळे मिटून देऊ नका. लिदीतली अंडी मोजून घ्या. ग्रॅमला २००च्या वर असली तरच डोस, असा सर्वसाधारण दंडक आहे. कोवळ्या वयात मात्र ही मोजणी डॉक्टरांना दाखवूनच ठरवा. मोजणीचा कागद विक्रीच्या फायलीत लावा.

सरळचाल
लीजबद्दल टाप काही बोलले नाहीत, म्हणून मी. माझ्या मते विकण्याआधी निदान भागीदारीचा विचार करा. अर्धी मालकी विकली की निम्मा खर्च जातो आणि घोडी डोळ्यांसमोर राहते.

टाप
लीजवर घेणारा घोडं चालवायला घेतो. पाठीला न लागलेल्या घोडीची लीज कोण घेईल? जो घेईल तो दोन-चार महिन्यांत तिच्यावर बसेलच, आणि बिघाड तुमच्या नावावर परत येईल. चार-पाच वर्षांच्या शिकवलेल्या घोड्याला लीज ठीक.

भागीदारी चालते, पण कागदावर तीन गोष्टी आधी हव्यात: शस्त्रक्रियेच्या खर्चाची कमाल मर्यादा किती, दोघांचं जमलं नाही तर कोण कोणाला कोणत्या हिशेबाने विकत घेणार, आणि वाचण्याची आशा नसताना शेवटचा निर्णय कोणाचा. पोटशूळ रात्री दोनला उठतो, तेव्हा भागीदार फोन उचलत नाही. शिवाय ज्याची ओढाताण आहे त्याचा निम्माही पुढच्या वर्षी निघेल का, हा प्रश्न उरतोच.

सरळचाल
तिसरा मुद्दा पटला. तरी सांगतो, ओळखीतला जाणता माणूस असेल तर भागीदारीचं आधी विचारून बघा. अनोळखी माणसाशी मीही करणार नाही.

पावतीबुक
कराराचं बघू. 'मला न विचारता पुढे विकायची नाही' हे कलम सगळे घालतात आणि त्यावर निर्धास्त होतात. ते फक्त तुमच्या गिऱ्हाईकाला बांधतं. त्याने तरीही विकली तर तिसरा माणूस त्या करारात नाही. त्याच्याकडून घोडी परत मिळणं जवळपास अशक्य, फार तर पहिल्याकडून भरपाई मागता येते. म्हणून कलम घालायचंच तर नेमकं घाला: विकायची वेळ आली तर लेखी कळवायचं, तुम्हाला चौदा दिवस द्यायचे, किंमत कशी ठरणार ते आत्ताच लिहायचं. आणि त्या वेळी घ्यायला पैसे असतील का, हेही स्वतःला विचारा. नसतील तर त्या कलमासाठी भाव कमी करून देऊ नका.

खरा बंदोबस्त गिऱ्हाईक निवडण्यात आहे. फोनवरच विचारा: दुसरं घोडं आहे का? एकटं कोवळं घोडं कुढतं, कुंपण तोडतं. हिला शिकवणार कोण? 'आम्ही दोघं सोबतच शिकू' असं उत्तर आलं तर नम्रपणे नाही म्हणा. नवखा स्वार आणि नवखं घोडं या जोडीत दोघांनाही इजा होते. नालबंद किती आठवड्यांनी येतो? सहा-आठ म्हणाला तर ठीक, 'लागेल तेव्हा' म्हणाला तर समजून जा. कुंपण कसलं? काटेरी तार असेल तर सोडून द्या. जो माणूस तुमच्यापेक्षा जास्त प्रश्न विचारतो तो बहुधा बरा निघतो.

फुकट किंवा नावापुरत्या किमतीत देऊ नका, 'चांगलं घर' या अटीवर तर नाहीच. अशा जाहिरातींवर दलालांचा डोळा असतो: आज घेऊन आठवड्यात पुढे. जाहिरातीत 'तातडीने', 'अडचणीमुळे' हे शब्दही नकोत. अडला हरी दिसला की भाव पाडायला दहा जण येतात. विचारलं तर कारण खरं सांगा, पण तारीख सांगू नका. किमान किंमत आधी लिहून घडी घालून ठेवा. ती तुमच्या झालेल्या खर्चावरून नाही, तर त्याच वयाची, उंचीची, तेवढीच शिकलेली घोडी प्रत्यक्षात कितीला गेली त्यावरून. जाहिरातीतला भाव आणि झालेला व्यवहार यांत फरक असतो.

पावतीवर काय हवं: दोघांची पूर्ण ओळख, घोडीचा रंग, खुणा, उंची, चिपचा १५ अंकी क्रमांक, किंमत, विसार किती आणि कोणत्या कारणाने परत मिळणार, माहीत असलेले सगळे दोष शब्दांत, तपासणीची संधी दिली होती हे वाक्य, आणि कोणत्या क्षणापासून जोखीम घेणाऱ्याची. हे शेवटचं लोक विसरतात. पैसे सोमवारी, घोडी शुक्रवारी, आणि बुधवारी पोटशूळ झाला तर?

हप्ते नको. द्यायचेच तर शेवटचा हप्ता जमा होईपर्यंत घोडी तुमच्या आवारात, वैरणीचा खर्च त्याचा. पैसे जमा झाल्याचा मोबाईलवरचा फोटो म्हणजे पैसे नाहीत, खात्यात स्वतः बघा. 'चुकून जास्त पाठवले, वरचे परत करा' असं कोणी म्हणालं तर व्यवहार तिथेच थांबवा. आणि 'आठ दिवस घेऊन जातो, आवडली तर ठेवतो' याला या वयाच्या घोडीसाठी होकार नको. त्याऐवजी त्याला तीन वेळा येऊ द्या, एकदा स्वतः पाय उचलू द्या, एकदा गाडीत चढवू द्या.

दुडकी
तपासणीबद्दल थोडं. गिऱ्हाईकाने स्वतःचा डॉक्टर आणावा. तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी केली तर पुढे वाद होतो. पण त्याआधी आपल्या डॉक्टरांकडून स्वस्तातली पाहणी करून घ्या, म्हणजे धक्का बसत नाही: हृदयाचे ठोके स्वस्थ असताना आणि पळवल्यावर, अंधाऱ्या जागी डोळे, दात, कडक सपाट जमिनीवर सरळ रेषेत दुडकी. सांधा मिनिटभर दुमडून लगेच पळवतात, त्यात दोन-तीन पावलं लंगडली तर घाबरू नका, पण नोंद ठेवा. कोवळ्या घोड्यात कूर्चेचे तुकडे सुटण्याचा आजार बघायला हॉक, स्टायफल आणि फेटलॉक या पायांच्या सांध्यांचे एक्स-रे मागतात. तो खर्च मागणाऱ्याचा.

दातांवरून वय पडताळलं जातं. मधले दोन कायमचे कातर दात अडीच वर्षांच्या सुमारास येतात, तेव्हा सव्वादोनच्या घोडीत बहुधा दुधाचेच दिसायला हवेत. जन्मतारखेचा कागद आणि दात जुळत नसतील तर आधीच खुलासा तयार ठेवा.

तपासणीच्या आधी वेदनाशामक किंवा गुंगीचं काहीही देऊ नका. रक्ताचा नमुना घेतला जाऊ शकतो. खरंच औषध चालू असेल तर तारीख पुढे ढकला आणि कारण सांगा.

ग्लँडर्स आणि इक्वाइन इन्फेक्शस अ‍ॅनिमिया या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगांच्या चाचण्या ने-आण करण्यासाठी अनेक ठिकाणी सक्तीच्या असतात. निकाल यायला वेळ लागतो आणि कागदाला मुदत असते, म्हणून फार लवकरही नको, विसार मिळाल्यावर लगेच करा. चिप त्याआधी, म्हणजे तोच क्रमांक रिपोर्टवर येईल. ती मानेच्या डाव्या बाजूला, डोकं आणि खांद्याचा उंचवटा यांच्या मधोमध, आयाळीच्या किंचित खाली बसवतात. बसवल्यावर स्कॅनर फिरवून क्रमांक वाचून घ्या.

अजून एक. आवारात किंवा शेजारी खच्ची न केलेला घोडा आहे का? या वयाची घोडी गाभण राहू शकते.

अबलख
शेजारी दीड वर्षाचा नर आहे. कुंपण आहे, पण मधे एकदा तुटलं होतं.

दुडकी
मग सोनोग्राफी करून घ्या. दीड वर्षाचा नर लावू शकतो. सोळाव्या दिवसापासून गर्भ दिसतो, म्हणजे कुंपण तुटलं त्याला तीन आठवडे झाले असतील तर उत्तर पक्कं मिळेल. विकल्यानंतर कळलं तर तो दोष लपवला असंच धरलं जाईल. गाभण नसेल तर तो कागदही फायलीत लावा, गिऱ्हाईक हमखास विचारतं.

टाप
व्हिडिओचं राहिलं. कॅमेरा पोटाच्या उंचीवर धरा. दोन्ही बाजूंनी उभी, मग दूर जाताना आणि समोर येताना चाल आणि दुडकी, चारही पाय उचलणं, गाडीत चढणं-उतरणं. मधे कापाकापी नको, संगीत तर अजिबात नको, टापांचा आवाज ऐकू आला पाहिजे. ठोके एकसारखे पडत नसतील तर जाणकार कानानेच ओळखतो. तिला लाकूड चावून हवा गिळायची किंवा जागच्या जागी डुलायची सवय असेल तर तेही चित्रित करून टाका. लपवलेली खोड नव्या तबेल्यात दुसऱ्या दिवशी दिसते.

पावतीबुक
जायच्या दिवसाचं सांगून थांबतो. तुमची दहा दिवसांची वैरण सोबत द्या, आणि रोज किती आणि कधी हे लिहून. तिकडच्या वैरणीत ती हळूहळू मिसळायची. प्रवासात मुंडी उंच बांधू नका. खाली नेता आली नाही तर श्वासनलिकेतला कचरा बाहेर पडत नाही आणि छातीत संसर्ग होतो. तीन-चार तासांनी थांबून पाणी. नव्या जागी दोन-तीन आठवडे इतर घोड्यांपासून वेगळी ठेवायला सांगा आणि रोज दोनदा गुदद्वारातून ताप मोजायला. ३७.५ ते ३८.५ सेल्सिअस ठीक. त्याच्या वर गेला किंवा जबड्याखाली गाठी आल्या, तर तो स्ट्रँगल्स हा घोड्यांचा संसर्गजन्य रोग असू शकतो. त्यांच्या डॉक्टरांना बोलवायचं आणि तुम्हालाही त्याच दिवशी कळवायचं, कारण मग तुमच्याकडची बाकीची घोडीही तपासावी लागतील.